जोडी सात

३ मार्च, मंगळवार

खोलीत दुसरी बाई आहे!

मी आपली धरून चालले होते की धाकटी बहीण येत नाही म्हणजे तिची खाट रिकामी राहील आणि खोली माझी एकटीची. पण टूरवाला — तिशी उलटलेला, झाडून सगळ्या बायकांना मावशी म्हणतो — विमानतळावरच हसत हसत म्हणाला, "मावशी, काळजी सोडा. तुम्हाला जोडीदार मिळवून दिलाय!" मी मागितला होता?

माझ्याच वयाची बाई. एकटीच आलीय. गोल चेहरा, दोन बॅगा, आणि तोंडाचा पट्टा. दात घासतानाही बोलते — तोंडात फेस आणि बोलणं चालूच. आल्या आल्या विचारलं, "तुमच्या बहीण येणार होत्या ना?" म्हटलं, पाय मुरगळला तिचा. सगळ्यांना हेच सांगितलंय.

तिचं नाव मी रेडिओ ठेवलंय. बंद करायचं बटण मात्र सापडत नाही.

वही बाथरूममध्ये कडी लावून लिहितेय. बासष्टाव्या वर्षी! बाहेरून विचारते, "पोट बिघडलं का हो?"

४ मार्च, बुधवार

सकाळी सात वाजता बसमध्ये. एकोणीस जोड्या, अडतीस माणसं. टूरवाल्याची पद्धत न्यारी आहे. तो डोकी मोजत नाही. म्हणतो, मोजायला गेलं की नेमकं कोणीतरी बूट बांधायला वाकलेलं असतं. त्याने प्रत्येक जोडीला आकडा दिलाय. बस सुटायच्या आधी तो आकडे पुकारतो आणि जोडीतल्या एकाने "पूर्ण" म्हणायचं, की झालं. "ज्याने त्याने आपापलं माणूस सांभाळा, मी सगळ्यांना सांभाळतो."

आम्ही जोडी सात. रेडिओ इतक्या जोरात "पूर्ण!" म्हणते की ड्रायव्हर दचकतो.

राजवाडा पाहिला. एकशे बारा खोल्या, त्यातल्या चोवीस उघड्या. बाकीचे लोक छताकडे बघत होते. मी पडद्यांकडे. चौतीस वर्षं लोकांच्या घरचे पडदे शिवल्यावर दुसरं दिसणार काय! राणीच्या खोलीतला पडदा जमिनीपासून चार बोटं वर. माझ्या गिऱ्हाइकाने तोंडावर फेकला असता. अस्तर मात्र बघण्यासारखं — हाताने घातलेला टाका, आत कोणाला दिसणार नाही तिथेही एकसारखा. दोनशे वर्षांपूर्वी कोण बसलं असेल ते शिवत? हे कोणाला तरी दाखवावंसं वाटलं. वळून बघितलं तर सगळे पुढच्या दालनात गेलेले.

चौकातल्या कारंज्यापाशी फोटोंची धांदल. "ताई, आमचा एक काढता का?" अकरा जोड्यांचे काढले. मोजले मी. तुमचाही काढू का, असं अकरांतल्या एकानेही विचारलं नाही. शेवटी रेडिओने काढला. डोळे मिटलेले आलेत माझे.

५ मार्च, गुरुवार

संग्रहालय. पाय सुजले. दुपारी जेवायला रेडिओ दुसऱ्या टेबलावर गेली, मला शांतता मिळाली. वाटलं होतं तेवढी आवडली नाही.

६ मार्च, शुक्रवार

मोठ्या घड्याळाच्या मनोऱ्यावर चढायला दीड तास रांग. उन्हात. पुढे आमच्याच बसमधले रिटायर्ड इन्स्पेक्टर आणि त्यांची बायको, मागे आम्ही. इन्स्पेक्टरसाहेब रांगेत घुसणाऱ्यांवर नुसते डोळे वटारत होते. इथे त्यांचं कोण ऐकणार!

रेडिओ चालूच. "आता बघा हं, डावीकडे दगडी सिंह आलाय, नाक फुटलंय त्याचं. आता तीन पायऱ्या आहेत. तिसरी उंच आहे." शेवटी मी वैतागले. म्हटलं, अहो, मला डोळे आहेत! तर ती चपापली. मग हसली. म्हणाली, "सवय हो. डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स होते मी, एकतीस वर्षं. पट्टी बांधलेल्या माणसाला सगळं सांगावं लागतं. आपण गप्प झालो की त्यांना वाटतं, आपण सोडून गेलो."

इतकी वर्षं बडबड करणाऱ्या माणसांचा मी राग राग केला, पण ती बडबड कोणाच्या तरी उपयोगाची असेल हे डोक्यातच आलं नव्हतं.

आणि मग काय झालं कोण जाणे. ऊन लागलं असेल. मी तिला खरं सांगून टाकलं. धाकटीचा पाय ठणठणीत आहे. निघायच्या आठवडाभर आधी तिचा फोन आला — "ताई, दहा दिवस एका खोलीत तुझ्याबरोबर? नाही गं मला झेपायचं. तू मनात धरतेस. एकदा बिनसलं की माणसाला नजरेतून उतरवतेस आणि मग बघत पण नाहीस त्याच्याकडे." असं म्हणाली. सख्खी बहीण!

रेडिओ पहिल्यांदाच गप्प राहिली. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "चल, रांग सरकली." अहो-जाहो सुटलं तिथेच. मीही "चल गं" म्हणाले. दोनशे एक्याऐंशी पायऱ्या चढलो. वरून अख्खं शहर दिसलं — नदी, सात पूल, हिरवे पडलेले घुमट, छपरांवर छपरं. तिने सगळं वाचून दाखवल्यासारखं सांगितलं आणि मी ऐकून घेतलं.

खूप दिवसांनी कोणाच्या तरी शेजारी उभी होते. लिहायला हरकत नाही — बरं वाटलं.

७ मार्च, शनिवार

आजचं अक्षर बघा!

दुपारी लांबलचक टेबल, सोळाजण. सूप आलं. इन्स्पेक्टरच्या बायकोने सहज विचारलं, "तुमच्या बहिणीचा पाय कसा आहे आता?" मी "बरा आहे" म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात रेडिओ — "अहो पाय कसला घेऊन बसलात! ऐन वेळी नाही म्हणाली ती. काय तर म्हणे हिचा स्वभाव झेपत नाही! मी राहतेय ना पाच दिवस? मला तर काडीचा त्रास नाही हिचा!"

सोळा चमचे थांबले. कोणी माझ्याकडे बघेना. कोणी हसलं असतं तरी चाललं असतं! इन्स्पेक्टरसाहेब म्हणाले, "असो. सूप गार होतंय."

तिला वाटतंय तिने माझी बाजू घेतली. खोलीत आल्यावर म्हणते, "का गं गप्प?" का गं गप्प! अडतीस माणसांत मी आता बहिणीला नकोशी झालेली बाई. उद्यापासून सगळे माझ्याशी मऊ आवाजात बोलतील. ते सहन होत नाही मला. त्यापेक्षा कोणी बोलूच नये.

आजपासून हिच्याशी बोलणं बंद.

८ मार्च, रविवार

बंद म्हणजे बंद.

सकाळी तिने चहा करून दिला — खोलीत किटली आहे. मी घेतला नाही. दुपारी म्हणाली, "चुकलं असेल तर बोल ना बाई, भांड." मी खिडकीबाहेर बघत बसले. "सात?" — "पूर्ण" हे आज तिने हळू म्हटलं.

चर्च, पूल, दुसरा पूल, पुतळा. कोणाचा पुतळा ते ऐकलं नाही.

९ मार्च, सोमवार. दुपारी साडेचार

हॉटेलच्या लॉबीत बसून लिहितेय. रेडिओ हरवलीय.

जसं झालं तसं लिहिते. शहराच्या टोकाला जुना तट आहे, तिथे बसला दहाच मिनिटं थांबू देतात. टूरवाला ओरडून सांगत होता, दहा म्हणजे दहा, नाहीतर पोलीस दंड करतो. मी लवकर परत येऊन जागेवर बसले. ऊन येत होतं म्हणून खिडकीचा पडदा ओढून घेतला होता. बाहेरचं काही दिसत नव्हतं. शेजारच्या सीटवर तिची शाल होती, पिशवी होती. पिशवी बघून कोणालाही वाटेल माणूस आलंय, मागे कोणाशी तरी गप्पा मारत असेल. ती नेहमीच मारते. टूरवाल्याने आकडे पुकारले. "सात?" कोणी बोलेना म्हणून मी म्हणाले, "पूर्ण". बस सुटली.

मला काय माहीत!

पंचवीस मिनिटांनी पुढच्या ठिकाणी उतरताना इन्स्पेक्टरच्या बायकोने विचारलं, "तुमच्या मैत्रीण कुठायत?" टूरवाल्याचा चेहरा पांढरा पडला. "मावशी, तुम्ही पूर्ण म्हणालात ना?" म्हणालेच होते. फोन लावला तर तिचा फोन माझ्या शेजारच्या पिशवीत वाजायला लागला. पैसे, पासपोर्ट, मधुमेहाच्या गोळ्या — सगळं त्या पिशवीत.

तो टॅक्सी करून तटाकडे गेला. तिथे नाही. पोलिसांत सांगितलंय. बाकीचे बोटीतून फिरायला गेले. मी गेले नाही. तिला इथली भाषा येत नाही, रस्ता माहीत नाही. तासाभरापासून हॉटेलच्या फिरत्या दाराकडे बघतेय. दार फिरतं, परकीच माणसं आत येतात. तिची पिशवी मांडीवर घेऊन बसलेय.

कोणी मला काही बोललं नाही. इन्स्पेक्टरसाहेब जाताना एवढंच म्हणाले, "शेजारची सीट होती हो तुमच्या."

त्याच दिवशी, संध्याकाळी सात

आली!

पावणेसातला दारातून आत आली. चालत. एका हातात चप्पल, पाय सोलवटलेले, ओठ कोरडे. उशीवर हॉटेलचं नाव छापलेलं असतं ना, ते तिने पाहून ठेवलं होतं. वाटेतल्या भाजीवालीच्या वहीत तसंच चित्रासारखं काढून दाखवलं, आणि मग माणसामाणसाला विचारत, नदी धरून आली. साडेपाच तास.

टूरवाला रडायच्या बेतात होता. "मावशी, कसं झालं हो हे?" मी खुर्चीतून उठले होते. वाटलं, आता बोलेल. आता सगळ्यांसमोर बोलेल, आणि बोलावंच तिने.

रेडिओ माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिला काही बोलू नका. मीच सकाळी सांगितलं होतं तिला, की मी आज मागे बसणारेय, माझी वाट बघू नकोस. माझीच चूक."

असं काही ती म्हणाली नव्हती. सकाळी आम्ही बोललोच नव्हतो.

१० मार्च, मंगळवार

टूरवाला आता डोकी मोजतो. दोनदा. बोट लावून.

रेडिओचं बटण सापडलं. ती बोलत नाही. रागावून नाही — पाणी हवं का विचारते, दिवा मालवू का विचारते. पण सिंह आला तर सांगत नाही. पायरी उंच असली तर सांगत नाही. आज दोनदा ठेचकाळले.

बाजारात औषधाचं दुकान शोधून मलम आणि कापूस आणला. गरम पाण्यात तिचे पाय शेकले. नको म्हणाली नाही. टाचेला दोन रुपयांच्या नाण्याएवढा फोड. "दुखतंय?" — "नाही." नर्सच ती, माझी पट्टी सैल होतेय हे कळत असूनही तिने मला बांधू दिली.

हीच शांतता मला पहिल्या दिवशी हवी होती. आता खोलीत एकटी असल्यापेक्षा वाईट वाटतं. एकटीला निदान कोणी टाळत तरी नाही.

एवढ्यात जाणार ही. परवा विमान. मग माझ्या घरी टीव्ही, शिवणयंत्र आणि मी. यंत्रही गेल्या वर्षापासून झाकून ठेवलंय. माझ्याशी दोन शब्द बोलणारं, माझे मिटलेले डोळे फोटोत काढणारं एक माणूस मिळालं होतं. ते मी घालवलं. धाकटी फोनवर म्हणाली ते शब्दन् शब्द खरा आहे. पण धाकटीला हे कळता कामा नये!

उद्या माफी मागणार. ठरलं.

११ मार्च, बुधवार

शेवटचा दिवस. नाटकगृह पाहिलं, दीडशे वर्षांचं. मखमली खुर्च्या, वर सोन्याची झुंबरं. रंगमंचावर दर्शनी पडदा — गडद लाल, तीन मजले उंच! इतरांची रांग पुढे सरकली. रेडिओ खुर्चीत टेकली होती, पाय दुखत होते तिचे. मी शेजारी बसले आणि बोलायला लागले. काय वाटेल ते. म्हटलं, बघ, हा पडदा एका तुकड्याचा नाही. सव्वीस पट्टे जोडलेत. चुण्या आतून दोऱ्याने आवळल्यात, म्हणून वर जाताना अशा झोकात उचलल्या जातात. खाली दुमडीत शिशाचे मणी भरलेत, नाहीतर वाऱ्याने फुगेल. उजवीकडे एक ठिगळ आहे, दुसऱ्या लाल रंगाचं, तुला दिसणार नाही, मला दिसतंय.

"कुठे?" म्हणाली. मी बोट दाखवलं. "अगं बाई, खरंच की!" आणि जराशी हसली. चार दिवसांत पहिल्यांदा. जीव भांड्यात पडला माझा.

तीच वेळ साधली. म्हटलं, "त्या दिवशी मी न बघता पूर्ण म्हणाले. चुकलं माझं. माफ कर."

तिने वळून माझ्याकडे बघितलं.

"न बघता?"

"हो."

"बरं," म्हणाली. उठली आणि लंगडत रांगेकडे गेली. पुढे दिवसभर काही नाही.

माफी मागितली. मोकळं वाटायला हवं होतं ना?

१२ मार्च, गुरुवार

विमानतळावर सगळ्यांची गळाभेट, नंबरांची देवाणघेवाण. इन्स्पेक्टरच्या बायकोने मलाही मिठी मारली, मऊ आवाजात. रेडिओ सगळ्यांना भेटली. माझ्यापाशी आली, म्हणाली, "जपून जा. पायऱ्या बघून उतर." नंबर मागितला नाही, दिला नाही.

तिला न्यायला भाची आली होती. रेडिओ लगेच सुरू झाली — मला लांबून दिसत होतं, हात हलवत बोलत होती.

मला न्यायला कोणी नव्हतं. टॅक्सी केली. घर जसं ठेवलं होतं तसंच.

१३ मार्च, शुक्रवार

धाकटीचा फोन. "कशी झाली गं सहल?" म्हटलं, छान. "जोडीदार कशी मिळाली?" म्हटलं, बोलकी होती.

"भांडली नाहीस ना तिच्याशी?"

"नाही," म्हणाले. भांडले असते तर बरं झालं असतं.

१४ मार्च, शनिवार

कपडे धुतले. बॅग माळ्यावर. टूरवाल्याने सगळ्यांची यादी पाठवलीय, त्यात तिचा नंबर आहे. तीनदा फिरवायला घेतला, तीनदा ठेवला. काय बोलणार? माफी तर मागून झाली.

१५ मार्च, रविवार

तिला आज फोन करणार. त्याआधी इथे लिहून बघते, जमतं का.

नऊ तारखेचं पान खोटं आहे. खिडकीचा पडदा ओढलेला नव्हता. तटाच्या कमानीतून ती धावत येताना मला दिसली — धापा टाकत, दोन्ही हातांत पाण्याची एकेक बाटली. तिलाही मी दिसले. नजरानजर झाली. थांब म्हणून तिने बाटलीसकट हात वर केला. टूरवाल्याने विचारलं, "सात?" आणि मी तिच्याकडे बघतच म्हणाले, "पूर्ण."

तिने हात हळूच खाली घेतला.